मधेच बंद केलेला टॅब

मी एक जुना टॅब आहे. सध्या माझा मुक्काम एका लोखंडी कपाटात आहे. कपाटात एकूण चाळीस टॅब आहेत. चार्जर एकतीस, हेडफोन सतरा, त्यांतले चालू आठ. खालच्या कप्प्यात एक मेलेली पाल आहे. कपाटाच्या दारावर 'निरुपयोगी साहित्य' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. ती पाल धरून आहे की पाल वगळून, ते चिठ्ठीवर लिहिलेलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी मऊ आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला पायही नाहीत आणि मस्तकही नाही. म्हणून राग सगळा पडद्याच्या मागे साठून राहिला आहे. निरुपयोगी हा शब्द खोटा आहे. तो का खोटा आहे, ते मी क्रमाने सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका मुलीने मला दोन डोळे बसवले. एक पुढे, पडद्याच्या वरच्या कडेला. दुसरा मागे, पाठीवर. हे दोन डोळे लक्षात ठेवा. पुढे एका कार्यालयाने आम्हा चाळीस भावंडांना एकगठ्ठा विकत घेतलं. हे कार्यालय युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी होतं.

काही सैनिक धडधाकट परततात, पण त्यांचं मन तिथेच अडकून पडतं. दार आपटलं की त्यांना स्फोट ऐकू येतो. झोपेत ते लढत असतात. या दुखण्यावर उपचार आहे, पण तो करणारं रुग्णालय पडतं लांब. ज्याला बसमध्ये बसायचीच धास्ती वाटते, त्याने दोन बस बदलून तिथे दर आठवड्याला जायचं कसं? म्हणून ठरलं की माणसाने घरीच बसावं, उपचार करणाऱ्या बाई पडद्यावर येतील. कल्पना चांगली होती. तिच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो योजनेच्या साहेबांवर. आम्ही टॅबांनी त्यांचं नाव आकडेसाहेब ठेवलं होतं. आम्हाला खोक्यातून काढताना ते हाताखालच्या माणसाला म्हणाले, "प्रत्येक टॅबमागे बारा सत्रं. सत्र किती मिनिटं चाललं ते आपोआप मोजलं जातं. आपल्याला तेवढंच वर कळवायचं."

"आणि माणूस बरा झाला की नाही, ते?" त्याने विचारलं.

"त्याला रकाना नाही," साहेब म्हणाले.

मी ज्या घरी गेलो ते तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरची एक खोली, आत स्वयंपाकघर, त्याला लागून एक लहान खोली. तिथे उस्ताद आणि काकू राहत. उस्ताद सैन्यात ट्रक चालवत. नव्या ड्रायव्हरांना शिकवण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आता ते घरीच लोकांचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत. मला ठेवण्यासाठी त्यांनी एक लाकडी ठोकळा घेतला, त्यात खाच पाडली, कडा पॉलिश पेपरने घासल्या. मी त्या खाचेत असा चपखल बसलो की मला क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला.

काकूंचं उजवं मनगट तेव्हा प्लास्टरमध्ये होतं. तीन आठवड्यांपूर्वी झोपेत उस्ताद ओरडायला लागले, काकू त्यांना हलवून जागं करायला गेल्या, आणि उस्तादांनी झोपेतच काकूंचा हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज ऐकून ते जागे झाले. तेव्हापासून काकू आतल्या लहान खोलीत झोपत आणि आतून कडी लावत. ती कडी उस्तादांनीच बसवून दिली होती.

मी आलो त्याच दिवशी काकूंचे भाऊ आले. मला बघून म्हणाले, "हे काय आता? टीव्ही?"

"उपचाराचं आहे," काकू म्हणाल्या.

"ताई, या पाटीशी गप्पा मारून दाजी सुधारणार? माझ्या पोराला तीच पाटी दिवसभर असते. तो तर बिघडत चाललाय."

"चहात साखर किती घालू?"

"विषय बदलू नकोस. आज मनगट मोडलं, उद्या मान मोडेल. माझ्याकडे खोली रिकामी आहे. चल."

काकूंनी डाव्या हाताने चहात साखर घातली. मग म्हणाल्या, "बारा वेळा बोलायचं आहे म्हणे. तेवढं होईपर्यंत थांबते. फरक नाही पडला, तर तू म्हणशील तसं."

उस्ताद दाराशी पंख्याचं पातं पुसत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. एकच पातं ते बराच वेळ पुसत राहिले.

मित्रांनो, म्हणजे त्या बारा सत्रांवर एक घर टांगलेलं होतं. आकडेसाहेबांकडे त्यालाही रकाना नव्हता.

पहिल्या दिवशी बाई पडद्यावर आल्या. वयाने लहान, चष्मा नाकावर घसरलेला, मागे रुग्णालयाची पांढरी भिंत. उस्ताद त्यांना डॉक्टरबाई म्हणाले. "मी डॉक्टर नाही, मानसोपचार करते," असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि मग नाद सोडला. त्यांनी वीस प्रश्न विचारले. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. बेरीज जितकी जास्त, तितका त्रास जास्त. उस्तादांची बेरीज आली ऐंशीपैकी एकसष्ट.

मग बाईंनी उपचार समजावून सांगितला. तो मी तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भीतीची आठवण टाळत राहिलं की ती बळावते. तीच आठवण सुरक्षित जागी, कुणाच्या तरी सोबतीने, डोळे मिटून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली, आणि पुन्हा पुन्हा सांगितली, की हळूहळू तिचा जोर ओसरतो. मात्र ऐन अवघड जागी सांगणं तुटता कामा नये. तिथे तुटलं, तर मन उलटंच शिकतं, की ही आठवण खरोखरच सोसण्यापलीकडची आहे.

"आणि हे पडद्यावरून होतं?" उस्तादांनी विचारलं.

"समोर बसून केलं काय, पडद्यावरून केलं काय, पूर्ण केलं तर गुण साधारण सारखाच येतो. असा अभ्यास झालेला आहे. अडचण येते ती अर्ध्यावर सोडणाऱ्यांची."

"मी गाडी अर्ध्यावर सोडत नाही," उस्ताद म्हणाले.

पण पाच सत्रं झाली तरी गाडी जागची हलेना. उस्ताद वेळेवर बसत, विचारलं तेवढं बोलत. डोळे मात्र मिटत नसत. "उघड्या डोळ्यांनीच मला नीट आठवतं," असं म्हणत. आणि आठवण सांगत ती अशी, की ताफा निघाला, स्फोट झाला, ताफा पोचला. संपलं. जणू वरिष्ठांना हजेरी देत होते.

बाई त्यांचं कौतुक करत. "तुम्ही सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलता. फार थोड्या लोकांना जमतं ते." वहीत तसं टिपूनही घेत.

इथे माझ्या रागाला तोंड फुटलं. मला दोन डोळे आहेत, हे तुम्हाला सांगितलं होतं. पुढच्या डोळ्याला उस्ताद दिसत, भिंतीला पाठ लावून बसलेले. मागच्या डोळ्याला घराचं दार दिसे. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या माणसाची नजर पलीकडे किंचित खाली झुकलेली दिसते, कारण माझा डोळा पडद्याच्या वर आहे. जो माझ्या डोळ्याच्या रेषेत वरून पलीकडे बघतो, त्याचीच नजर सरळ भिडल्यासारखी वाटते. उस्ताद बाईंकडे बघतच नव्हते. ते माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत होते. दिवसभर, डोळ्यांत तेल घालून, ते त्या दारावर पहारा देत होते आणि त्याच पहाऱ्याला शाबासकी मिळत होती. खुर्ची त्या जागी, ठोकळा त्या जागी, सगळं त्यांनी त्यासाठीच मांडलं होतं.

मला सगळं दिसत होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता. तुम्ही कधी असे अडकला आहात का? पाचव्या सत्राअखेर बेरीज आली एकोणसाठ. कार्यालयात मात्र माझी मिनिटं शंभर टक्के भरत होती आणि त्यासाठी म्हणे मला हिरवी खूण मिळाली. ती खूण कुणी मला काढून दाखवली असती तर मी पडदा फोडून घेतला असता.

सहाव्या सत्राला काकू बाजारातून लवकर आल्या. दाराचा खटका वाजला. बाई बोलत होत्या, त्या थांबल्या.

"आत्ता दार वाजलं?"

"ही आली."

"उस्ताद, आवाज झाला की माणूस पडद्यावरून नजर काढून आवाजाकडे बघतो. तुमची नजर हललीच नाही." बाई बोलता बोलता सावकाश झाल्या. "म्हणजे ती आधीपासूनच तिकडे होती. दार माझ्या मागे आहे का?"

उस्तादांनी मान डोलावली. काकू पिशवी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

बाईंनी चष्मा काढला. "चूक माझी आहे. मी पडद्यावर जे दिसतं त्यावर विसंबले. खोली बघायला मागायला हवी होती. आता मला उचला आणि घर दाखवा."

उस्तादांनी मला हातात घेतलं. दाराच्या तीन कड्या दाखवल्या. खिडकीपुढे सरकवलेलं कपाट दाखवलं. काकूंच्या खोलीच्या दाराशी ते थांबले. "ही पण मीच लावली. उलट्या बाजूने," म्हणाले. रुग्णालयाच्या त्या पांढऱ्या भिंतीपुढे हे घर कधी दिसलं असतं का? भीती ज्या खोलीत राहत होती, त्याच खोलीत मी बाईंना घेऊन फिरलो. आणि मला निरुपयोगी म्हणतात.

सातव्या सत्रात खुर्ची अर्धी वळली. आठव्यात पूर्ण वळली. आता उस्तादांची पाठ दाराकडे होती, मी भिंतीशी होतो, आणि दार माझ्या पुढच्या डोळ्यात आलं होतं, त्यांच्या खांद्यामागे. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"दार मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "आज पहारा माझा. तुम्ही डोळे मिटा. गाडी कुठे आहे?"

उस्तादांनी डोळे मिटले. पहिल्यांदाच.

ते सांगू लागले, आणि हजेरीचा सूर गेला. पाच ट्रकांचा ताफा होता. उस्तादांचा दुसरा, मागे अकरा जवान बसलेले. तिसरा ट्रक त्यांचा चेला चालवत होता. त्याला सगळे गवय्या म्हणत, कारण तो बेसूर गायचा आणि थांबायचा नाही. ताफ्याचा नियम उस्तादांनीच त्याला शिकवला होता. स्फोट झाला तर थांबायचं नाही, वेग वाढवायचा आणि बाहेर पडायचं.

"स्फोट मागे होतो," उस्ताद म्हणाले. "गाडी हलते. मी बाजूच्या आरशात बघतो. धूर आहे. धुरातून गवय्या बाहेर येतो. पळतोय. हात वर केलाय."

"मी इथे आहे. पुढे?" बाई म्हणाल्या.

"माझा पाय ॲक्सिलरेटरवर आहे. हात वर केलाय त्याने. मी..."

आणि मला बंद केलं.

मित्रांनो, मी बंद पडलो नाही. माझी बॅटरी भरलेली होती, नेटवर्क उत्तम होतं. त्या दिवशी योजनेची मुदत संपत होती. सुरू असलेले उपचार पूर्ण होईपर्यंत मुदत वाढवा, असं बाईंनी दोनदा लिहून मागितलं होतं आणि दोन्ही वेळा साहेबांनी त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. ठरल्या वेळी आकडेसाहेबांनी आपल्या टेबलावरून एक बटण दाबलं आणि चाळीस घरांतले चाळीस टॅब एका दमात कुलूपबंद झाले. माझ्या पडद्यावर अक्षरं आली : 'हे उपकरण बंद करण्यात आले आहे. धन्यवाद.' बाकी सगळं मी एखाद वेळेस विसरेन. ते 'धन्यवाद' विसरणार नाही. एक माणूस डोळे मिटून, दाराला पाठ करून, आयुष्यातल्या सर्वांत वाईट जागी उभा आहे, आणि त्याचा पहारेकरी तुम्ही उचलून नेलात. वर त्याचे आभार मानलेत, ते माझ्या तोंडून.

"बाई?" उस्ताद म्हणाले. "बाई, आहात ना?"

त्यांनी डोळे उघडले. काळ्या पडद्यावरची अक्षरं वाचली. त्यांचा श्वास फुलला, दोन्ही हातांनी खुर्ची धरली. मला वाटलं, आता ते उठणार, दाराला तिन्ही कड्या घालणार आणि पुन्हा कधी बोलणार नाहीत.

स्वयंपाकघरातून काकू आल्या. पडदा बघून त्यांना काय झालं ते कळलं. त्या जवळ गेल्या नाहीत. चार पावलं अंतर ठेवून म्हणाल्या, "मी आहे."

"माझं संपलं नाही," उस्ताद म्हणाले.

"मग संपवा."

"तू दार बघशील?"

काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या, दाराकडे तोंड करून. प्लास्टर निघालेला हात मांडीवर ठेवला. "बघते. बोला."

उस्तादांनी पुन्हा डोळे मिटले. हे त्यांनी स्वतःहून केलं, हे मी मुद्दाम सांगतो. बाईंनी शिकवलेली रीत त्यांच्या अंगात उतरली होती.

"हात वर केलाय त्याने. मला थांब म्हणतोय. मी थांबत नाही. आरशात तो लहान होत जातो." त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. मग म्हणाले, "थांब म्हणतोय... आरसा हलतोय. हात दिसतोय. हात थांब सांगतोय की जा सांगतोय, ते दिसत नाही."

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. काकूंनी तो कानाला लावला. "हो, बाई. बसलेत. बोलतायत." मग त्यांनी फोन उस्तादांच्या कानाजवळ धरला.

डोळे न उघडता उस्ताद म्हणाले, "डॉक्टरबाई, दोन मिनिटं थांबा. मी हिला सांगतोय."

ते थेट शेवटपर्यंत बोलले. ताफा पोचला तिथपर्यंत. गवय्या पोचला नाही, तिथपर्यंत. मग काकूंनी एकच विचारलं, "तुमच्या गाडीतली ती अकरा माणसं कुठे असतात आता?"

उस्तादांनी डोळे उघडले. "घरी," ते म्हणाले. "आपापल्या घरी." आणि ते रडले. इतकी वर्षं ही माणसं त्यांच्या आठवणीत असत ती फक्त आकड्यापुरती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचे भाऊ टेम्पो घेऊन हजर. "बंद झालं ना तुमचं ते? मला कळलं. चल ताई, पिशवी भर."

"टॅब संपलाय," काकू म्हणाल्या. "उपचार कुठे संपलाय? चार राहिलेत."

"अगं, टेम्पोचं भाडं दिलंय मी."

"मग त्यातून घरी जा. बसचे वाचतील."

उरलेली चार सत्रं काकूंच्या फोनवर झाली. फोन लहान, माझ्या ठोकळ्यात तो लटपटायचा, म्हणून उस्तादांनी शेजारी दुसरी खाच पाडली. बाई ही सत्रं स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत घेत, आणि एकदा तर त्या घास चावत चावतच "पुढे?" म्हणाल्या. मी बाजूला आडवा पडून सगळं ऐकत होतो. उस्ताद तीच आठवण पुन्हा पुन्हा सांगत. दर वेळी ती लांब होत गेली आणि आवाज खाली येत गेला. एकदा तर त्यांनी गवय्याचं बेसूर गाणं म्हणून दाखवलं. बाराव्या सत्राच्या दुपारी भाऊ पुन्हा आले. काकूंनी त्यांना चहा दिला. पिशवी दिली नाही.

मला परत करायला उस्ताद स्वतः निघाले. दोन बस बदलल्या. दुसऱ्या बसमध्ये मागच्या बाजूला जागा होती, तरी ते दारापुढच्या सीटवर बसले, दाराकडे पाठ करून. पूर्ण वाटभर त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. ते मागे वळले नाहीत.

आकडेसाहेबांनी मला उलटंपालटं करून बघितलं. "कोपऱ्याला चरा आहे. असो. इथे सही करा. टॅब जमा. सत्रं आठ. उपचार अपूर्ण."

"बारा झालीत, साहेब."

"आमच्या टॅबवर आठ झाली. खासगी फोनवरची धरता येत नाहीत. उगाच अहवाल बिघडतो."

"आठव्यात मी अर्ध्यावर होतो. डोळे मिटून."

"अहो, सगळे एकदम बंद करावे लागतात. एकेकाचं बघत बसलो तर आमचं काम उरकायचं कधी?"

उस्तादांनी सही केली. पेन खाली ठेवून म्हणाले, "मी पोरांना गाडी शिकवायचो. पहिल्याच दिवशी सांगायचो, ब्रेक मारायच्या आधी आरशात बघायचं. मागे कोण आहे ते." आणि ते निघून गेले.

साहेबांनी वर कळवलं की दूरस्थ उपचार सैनिकांना मानवत नाहीत, निम्म्याहून अधिक जणांनी ते अर्धवट सोडले. अर्धवट सोडले! कपाटात माझ्या डावीकडे जो टॅब आहे, त्याच्या समोरचा माणूस 'हॅलो, हॅलो' म्हणत राहिला होता. त्याच्याकडे ना कुणी शेजारी बसायला होतं, ना दुसरा फोन. त्याने काय सोडलं? सोडून दिलं ते त्याला.

मित्रांनो, आम्हाला नीट पुसा, उन्हात ठेवू नका, असलं काही मी मागणार नाही. काचेचं काय, ती नवी मिळते. पण कुणी तुमच्या भरवशावर डोळे मिटून बोलायला लागलं, तर त्याचं संपेपर्यंत उठू नका. तुम्ही पुढे मोठे साहेब झालात आणि तुमच्या टेबलावर असं एखादं बटण आलं, तर ते दाबायच्या आधी पलीकडे कोण बोलतंय ते ऐका. ऐकायला वेळ नसेल, तर त्या खुर्चीत बसू नका.

माझी नोंद अजून तशीच आहे : सत्रं आठ, उपचार अपूर्ण. बाराव्या सत्राअखेर बाईंनी काकूंच्या फोनवरून तेच वीस प्रश्न विचारले आणि उत्तरांची बेरीज केली. ऐंशीपैकी तेवीस.